वायरिंगला सहज हात घालता येईल अशी हॉलो-बॉडी इलेक्ट्रिक गिटार कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पावसाळा आला की तुमच्या गिटारचे नॉब खरखरतात, सोल्डरिंग स्वतः करायची हौस आहे, पण आवाज पोकळ गिटारचाच हवा. मीही नाशिकचाच. जून ते सप्टेंबर इथे पापड मऊ पडतात, तिथे पॉटच्या (नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) आतला पट्टा कसा धड राहणार!

हौस खरी असेल तर टेलिकास्टर थिनलाइन घ्या. तिचे नॉब, स्विच सगळं पिकगार्डला, म्हणजे अंगावरच्या पातळ पाटीला, लटकलेलं असतं. कडेचे स्क्रू काढले, तारा ढिल्या केल्या की पाटीसकट वायरिंग वर येतं, ताटात वाढल्यासारखं. फेंडर कंपनीने ती १९६८ मध्ये काढली. रॉजर रॉसमाइझल या जर्मन कारागिराचं ते काम. त्याआधी तो रिकनबॅकर कंपनीत होता आणि तिथल्या ३३० या गिटारमध्येही कंट्रोल पिकगार्डवरच आहेत, त्यामुळे मला हा योगायोग वाटत नाही. रिकनबॅकर मात्र आपल्याकडे लाखांच्या घरात जाते. फेंडरच्याच स्वस्त स्क्वायर ब्रँडच्या थिनलाइनवर भागत असेल तर भागवा.

पण एक कबुली देतो. या दोन्ही गिटार अर्धपोकळ आहेत. लाकडाचा ठोकळा आतून कोरून मागून झाकण चिकटवायचं, अशी मूळची पद्धत. गिब्सनच्या ईएस-१७५ मधून येतो तसा जाझचा गुबगुबीत, हवेशीर आवाज त्यांच्याकडून मागू नका.

ग्रेच कंपनीची तर गंमतच आहे. तिच्या साठच्या दशकातल्या कंट्री जंटलमन गिटारवर एफ-होल (वरच्या फळीतली f आकाराची भोकं) नुसते दिसायला होते, खरं भोक नव्हतंच. वरची फळी बंद ठेवली की फीडबॅक, म्हणजे ॲम्पची शिट्टी, कमी होतो, हा त्यामागचा हिशेब. मग आत जायचं कुठून? तर पाठीला मोठं भोक पाडलं आणि त्यावर बटणांनी बसणारी गादी लावली. वाजवणाऱ्याच्या पोटालाही आराम!

राहिली गिब्सनच्या ईएस-३३५ घाटाची गिटार. बहुतेकांच्या मनात तीच असते. १९५८ ची मूळ रचना: दोन बाजू पोकळ आणि मधोमध मेपलचा ठोकळा. पाठीला झाकण नाही. पॉट, स्विच, जॅक (केबल खुपसायची जागा) सगळं एफ-होलातून आत सरकवायचं. माझ्याकडे याच घाटाची एक सेकंड-हँड आहे. तिच्या जॅकचा नट सैल झाला होता. मी वरून पाना फिरवत राहिलो, आत जॅकही फिरत राहिला आणि पिळून वायर तुटली. नट आवळताना जॅकच्या नळीत गोल कानस हलकेच रुतवून धरायची, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पोकळ गिटारमध्ये पहिला बिघाड बहुधा असा जॅकचाच असतो, पिकअपचा (तारांचा आवाज टिपणारा भाग) क्वचित.

मग पूर्ण वायरिंग बाहेर काढलं. ते काम म्हणजे लेंग्यात नाडी ओवणं. नट काढण्याआधी प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा बांधायचा. मी संक्रांतीला येवल्याहून आणलेल्या आसारीवरची, म्हणजे पतंगाच्या फिरकीवरची, उरलेली सद्दी वापरली. मांजा नको, पॉलिश कापतो. पॉट आत ढकलून एफ-होलातून काढला तरी दोऱ्याचं दुसरं टोक बाहेर राहतं. परत बसवताना तेच ओढायचं. जॅकला दोरा बांधायला जागा नसते, तिथे फिश टँकच्या पंपाची नळी भोकातून आत घालून जॅकच्या तोंडात खुपसा आणि ओढा.

जोडणी गिटारमध्ये करू नका. पुठ्ठ्यावर नॉबच्या भोकांचा ठसा घ्या, त्यावर पॉट बसवून सगळं सोल्डर करा आणि ॲम्पला लावून तपासा. पिकअप हंबकर (दोन कॉइलचा) असेल तर ५०० के (किलोओहम) चा पॉट, सिंगल-कॉइलला २५० के. नवे पॉट आणण्याआधी जुन्याच्या दांड्याखालच्या आटे असलेल्या भागाची जाडी मोजा. अमेरिकन मापाचे पॉट स्वस्त आशियाई गिटारच्या भोकात बहुधा बसत नाहीत. तारा जिथे अडकवतात त्या शेपटीकडून येणारी अर्थिंगची वायर विसरलात तर सगळं उघडून पुन्हा श्रीगणेशा.

नुसती खरखर असेल तर यातलं काहीच करू नका. महात्मा गांधी रोडवर काँटॅक्ट क्लीनर मिळतो. मोबाइलचा टॉर्च लावून एफ-होलातून बारीक नळीने पॉटच्या फटीत मारा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा गरागरा फिरवा. माझं वर्षातून एकदा एवढ्यावर भागतं.

आणि दोरे शेवटचा नट बसेपर्यंत सोडू नका. मी तीन नट लागल्यावर खुशीत चौथा सोडला, पॉट पुन्हा पोटात गेला, आणि तो बाहेर येईपर्यंत रात्रीचे दोन वाजले.