वाचक विचारतात : लाईट, माग आणि घरून काम

प्रश्न : जांबोटीजवळच्या खेड्यात राहून पुण्यातल्या कंपनीचं काम करतो. पावसाळ्यात दिवसातून चार-पाचदा लाईट जाते. घरात इन्व्हर्टर आहे, तरी दरवेळी मीटिंग तुटते. असं का? (खानापूर तालुका)

उत्तर : लाईट गेल्यावर इन्व्हर्टर भार उचलेपर्यंत क्षणभर खंड पडतो. पंख्याला तो कळत नाही. राउटर मात्र तेवढ्यात बंद पडतो आणि नेट परत यायला दोन-तीन मिनिटं जातात. बऱ्याच इन्व्हर्टरना ‘यूपीएस मोड’चं बटण असतं, त्याने हा खंड कमी होतो. पण त्या मोडमध्ये व्होल्टेज साधारण 180 च्या खाली आलं की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो. लाईनच्या टोकाच्या घरात व्होल्टेज पडतंच. मग लाईट असतानाच बॅटरी उतरते आणि खरी गरज लागते तेव्हा ती रिकामी.

म्हणून इन्व्हर्टर साध्या मोडवर राहू द्या आणि राउटरला वेगळा मिनी यूपीएस (लाईट गेली तरी राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी) जोडा. आधी राउटरच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा. बहुतेकांवर 12 व्होल्ट आणि 1 किंवा 1.5 अँपिअर असं असतं. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी चालत नाहीत. फायबरचा डबा वेगळा असेल तर दोन्हींना एकदम जोडता येईल असा दोन पिनांचा यूपीएस घ्या. राउटर चालू आणि डबा बंद, अशी फजिती पुष्कळांची होते.

एवढं करूनही नेट गेलं तर डब्यावरचा ‘लॉस’ (LOS) दिवा पाहा. तो लाल लुकलुकत असेल तर बहुधा बाहेर कुठेतरी फायबर तुटली आहे. राउटर बंद-चालू करत बसू नका, तक्रार नोंदवा आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर या. त्यासाठीचं सिम फायबरवाल्या कंपनीचं नको. व्हिडिओ बंद ठेवा : त्याला तासाला साधारण 1 जीबी लागतो, नुसत्या आवाजाला त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

आणखी दोन गोष्टी. जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंतींतून 5 गिगाहर्ट्झचं वायफाय पलीकडच्या खोलीत पोचत नाही. 2.4 वर या, नाहीतर सरळ लॅन केबल ओढा. ती 100 मीटरपर्यंत बिनघोर चालते. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की अडॅप्टर बोर्डातून उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

प्रश्न : आमच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत. त्यात सासूबाई ‘घरीच तर आहेस’ म्हणून दर थोड्या वेळाने हाक मारतात. दिवसाचं काम रात्री अकरापर्यंत रेंगाळतं. (वडगाव, बेळगाव)

उत्तर : आधी मागांचं. महागडा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यायची घाई करू नका. तो पंख्यासारखी एकसुरी घरघर कापतो. मागाची खटखट बरीचशी तशीच ऐकू येते. कान पूर्ण झाकणारा, तोंडापुढे माइकची दांडी असलेला साधा हेडसेट जास्त कामाचा. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर, किंचित बाजूला ठेवा. अगदी समोर धरला तर श्वासाची फरफर जाते. लॅपटॉपचा माइक दूर असल्याने माग आणि तुमचा आवाज सारखेच उचलतो. शेजाऱ्यांना जेवणाची सुट्टी कधी, ते विचारून महत्त्वाचे कॉल तेव्हा ठेवा. लाईट गेली की माग थांबतात, हाही एक फायदाच म्हणायचा!

सासूबाईंना ‘मला काम आहे’ एवढं सांगून उपयोग नाही, कारण त्याला शेवट नसतो. वेळ सांगा : ‘साडेनऊ ते साडेअकरा हाक मारू नका, साडेअकराला मीच बाहेर येते.’ आणि खरोखर या. दोनदा चुकलात की तिसऱ्या दिवसापासून हाका पुन्हा सुरू. त्या दोन तासांत हिशेब, लिखाण, कोड असं डोक्याचं काम उरका. मेलची उत्तरं गोंगाटात देता येतात. मध्येच उठावं लागलं तर उठण्याआधी पुढची पायरी कागदावर लिहा, ‘मार्चची बिलं झाली, आता एप्रिल’ इतकीच. परतल्यावर कुठे होतो हे शोधण्यात वेळ जात नाही.

प्रश्न : न्यूयॉर्कच्या ग्राहकाचा रोजचा कॉल संध्याकाळी साडेसहाला असतो. नोव्हेंबरात तो साडेसातला गेला, जेवणाचं आणि झोपेचं वेळापत्रक कोलमडलं. (निपाणी)

उत्तर : ग्राहकाने वेळ बदललेली नाही. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, त्यामुळे आपल्याशी फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहाचा. कॅलेंडरमध्ये कॉलची नोंद न्यूयॉर्कच्या वेळेनुसार करा, मोबाईल आपोआप बदल दाखवेल. हिवाळ्यात कॉलआधीच जेवून घ्या.