वाचकांचे प्रश्न : आधी शास्त्र की आधी यंत्र?

प्रश्न : विज्ञानात शोध लागतो, त्यातून तंत्रज्ञान घडते आणि तंत्रज्ञानामुळे देश संपन्न होतो, असे आम्ही शाळेत शिकलो आणि आता मुलांनाही तेच शिकवतो. इतिहासात खरोखर असेच घडले आहे काय? (एक शिक्षक, सोलापूर)

उत्तर : आपण सांगितलेला क्रम इतिहासात आढळतो, पण बराच उशिरा. औद्योगिक क्रांतीची खूण मानले जाणारे वाफेचे इंजिनच पाहावे. इंग्लंडमधील डार्टमथचे लोखंडी सामानाचे व्यापारी थॉमस न्यूकमेन यांनी १७१२ मध्ये डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीतील पाणी उपसण्यासाठी ते उभारले, तेव्हा उष्णता म्हणजे नेमके काय, याचे समाधानकारक उत्तर कोणाही विद्वानापाशी नव्हते. अर्थात हवेला दाब असतो, हे टोरिचेली आणि गेरिके या शास्त्रज्ञांच्या प्रयोगांनी सतराव्या शतकातच दाखवून दिले होते, आणि या इंजिनाचा दट्ट्या खाली ढकलण्याचे काम वाफ नव्हे, तर हवेचा दाबच करीत असे; म्हणून त्यात शास्त्राचा अंश मुळीच नव्हता, असेही म्हणता येणार नाही.

या इंजिनाला कोळसा अतोनात लागे. कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी ते परवडत होते. कॉर्नवॉलमधील तांब्याच्या आणि कथलाच्या खाणींना मात्र कोळसा वेल्समधून जहाजाने आणावा लागत असल्याने ते जड जाई. ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारे जेम्स वॉट यांना १७६५ मध्ये सुचलेली सुधारणा, म्हणजे वाफ सिलिंडरात न निववता बाहेरच्या वेगळ्या पात्रात निववणे, नेमकी तेथे उपयोगी पडली. वॉट आणि त्यांचे भागीदार बोल्टन यांनी खाणमालकांकडे मागितलेला मोबदलाही पाहण्यासारखा आहे : जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा. यंत्राची गुणवत्ता पैशांत मोजण्याची इतकी सरळ रीत मला दुसरी आठवत नाही. उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम मिळू शकते, हा प्रश्न सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने शास्त्रशुद्धपणे मांडला तो १८२४ मध्ये, न्यूकमेन यांच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. येथे यंत्र आधी आले आणि शास्त्र त्याच्याकडून शिकले.

क्रम उलटला तो रंगांच्या उद्योगात. १८५६ मध्ये लंडनच्या विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला क्विनीन हे हिवतापावरील औषध तयार करण्याच्या खटपटीत कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग हाती लागला. हा शोध योगायोगाचा होता. परंतु पुढच्या पिढीतील जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी योगायोगावर काहीही सोडले नाही. त्यांपैकी आडोल्फ फॉन बायर यांनी १८८० मध्ये नीळ प्रयोगशाळेत बनवली आणि तीन वर्षांत तिची रचना उलगडली. तरीही बीएएसएफ या कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात आली ती १८९७ मध्ये. मधली सतरा वर्षे ती परवडेल अशा दरात बनवण्याची पद्धत शोधण्यात गेली. शोध आणि संपत्ती यांच्यामधील हा काळ पाठ्यपुस्तकांत एका ओळीत संपतो, आणि माझ्या मते खरा इतिहास तेथेच आहे.

या संपत्तीची दुसरी बाजू आपल्या देशाने सोसली. कृत्रिम निळीमुळे भाव कोसळले, तेव्हा चंपारणमधील मळेवाल्यांनी कुळांना नीळ लावण्याच्या सक्तीतून मोकळे करण्याच्या बदल्यात वाढीव खंड (जमिनीचे भाडे) किंवा एकरकमी पैसे वसूल केले. १९१७ मध्ये गांधीजी तेथे गेले, त्यामागे शेतकऱ्यांची ही तक्रारही होती.

प्रश्न : आपल्याकडे कापड गिरण्या तर लवकर आल्या. मग त्यांच्यापासून शास्त्र का वाढले नाही? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपल्याच शहरातील उदाहरण घेऊ. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि पुढच्या दशकात तिने रिंग चात्या, म्हणजे सूत कातण्याची नव्या पद्धतीची यंत्रे, बसवल्या. त्या काळी इंग्लंडमधील कापड उद्योगाचे केंद्र असलेले लँकेशायर कुशल कामगारांच्या हातच्या म्यूल या जुन्या सूतकताई यंत्रांना धरून होते. रिंग चातीला तेवढे कौशल्य लागत नसल्याने ती येथे अधिक सोयीची ठरली, आणि ‘रिंग खाते’ हा शब्द गिरणी कामगारांच्या बोलण्यात कायमचा रुळला. नवे तंत्र ओळखण्यात आपले लोक मागे नव्हते, हे यावरून दिसते.

परंतु यंत्रे घडत होती लँकेशायरमध्ये. यंत्र बिघडले, सुधारले किंवा नव्याने आखले की त्यातून जे ज्ञान निर्माण होते, ते यंत्र बनवणाऱ्याच्या कारखान्यात साठते. ते विकत घेणाऱ्याला केवळ चालवण्याचे कसब मिळते. कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली गिरणी काढण्याची तयारी १८५४ मध्ये केली. मुंबई विद्यापीठात वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी शिकवणारा विभाग सुरू झाला तो १९३३ मध्ये, म्हणजे एकोणऐंशी वर्षांनी.