हिंसाचारग्रस्त रुग्णांना धीर देणारी सहकारीच घरी मार खात असेल, तर तिच्याशी कसे बोलावे?

आपल्या वॉर्डातील एक ज्येष्ठ परिचारिका घरी मारहाण सोसत असाव्यात, असा संशय आपल्याला आहे. अशा रुग्णांशी कसे बोलावे हे आपल्याला त्यांनीच शिकवले असल्याने त्यांच्यापाशी विषय काढावा कसा, आणि वरिष्ठांना कळवावे का, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे परिचारिकांच्या ड्यूट्या लावण्याचे आणि रजा मंजूर करण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

‘ज्यांना सगळे ठाऊक आहे त्यांना आपण काय सांगणार’ हा संकोच आधी सोडावा. हिंसेची लक्षणे ओळखता येणे आणि हिंसेतून बाहेर पडता येणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. भीती, मुले आणि पैसा यांमुळे इतर स्त्रिया अडकतात तशाच परिचारिका आणि डॉक्टरही अडकतात. त्यात व्यवसायाची लाज वेगळी. ‘यात तुमचा दोष नाही’ असे दिवसभर रुग्णांना सांगणाऱ्या व्यक्तीला ते स्वतःबद्दल मान्य करणे फार जड जाते. शिवाय आपल्याच रुग्णालयात तपासणी करून घेतली तर केस पेपर कोण वाचेल आणि उद्या ‘या कामाला योग्य नाहीत’ असे कोणी म्हणेल का, ही धास्ती असतेच.

हे प्रसंग अपवादात्मकही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे ३० टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराची शारीरिक वा लैंगिक हिंसा, किंवा इतर कोणाची लैंगिक हिंसा सोसलेली असते. आणि आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियाच आहेत. ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या रुग्णालयातील स्त्री कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४५ टक्के जणींनी जोडीदाराकडून किंवा कुटुंबीयांकडून हिंसा झाल्याचे सांगितले होते. पुरुष कर्मचारीही यातून सुटलेले नाहीत, फक्त ते त्याहून कमी बोलतात.

कामावरील परिणाम मात्र ‘कामात लक्ष नाही’ या एका शेऱ्याखाली दडपले जातात. हात धुण्याच्या नियमानुसार बाह्या कोपराच्या वर असाव्या लागतात. त्यामुळे दंडाच्या खाली वळ असलेली व्यक्ती शस्त्रक्रियागृहाची ड्यूटी बदलून मागते, सर्वांसमोर कपडे बदलण्याचे टाळते आणि आम्ही त्याला आळस म्हणतो. औषधांची फेरी चालू असताना वॉर्डाच्या फोनवर घरून पुन्हा पुन्हा विचारणा होते, आणि एकेक मात्रा ताडून पाहायच्या त्या क्षणी मन भलतीकडे असते. ऐनवेळच्या रजा वाढल्या की खुलाशाची नोटीस निघते. रुग्णांच्या बाबतीत परिणाम दोन टोकांचे दिसतात: कोणी अशा रुग्णाला हिंसेविषयी विचारायचेच टाळते, तर कोणी स्वतःची सुटका करावी तशी तिच्या मागे लागते. दोन्हींत रुग्णाचे नुकसान आहे, पण त्यावर शिस्तीची कारवाई हा उपाय नव्हे.

बोलताना एकांत हवा. ड्यूटी बदलतानाच्या गडबडीत हे बोलणे होत नाही. ‘गेले काही दिवस तुम्ही अस्वस्थ दिसता, घरी कोणी त्रास देते का? सांगायचे नसेल तरी चालेल,’ इतके पुरे. त्यांनी सांगितले तर ऐकावे, विश्वास ठेवावा आणि आत्ता कशाची गरज आहे ते विचारावे. ‘घर सोडा’ असा आग्रह धरू नये, कारण नाते तोडण्याचा काळ हाच बहुधा सर्वांत धोक्याचा असतो. जिवाला तातडीचा धोका किंवा कायद्याचे बंधन नसेल, तर त्यांच्या संमतीविना वरिष्ठांना कळवू नये. माझ्या मते विश्वास तुटतो तो इथेच.

रुग्णालयाने काय करावे, याबाबत मी थोडी कठोर आहे. रुग्णालय रात्रंदिवस उघडे असते आणि भिंतीवर लावलेला ड्यूटी चार्ट म्हणजे ती व्यक्ती कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी कुठे सापडेल याचा पत्ताच. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात विंडसर येथे २००५ मध्ये एका परिचारिकेचा खून रुग्णालयातच झाला. मारेकरी तिचा पूर्वीचा जोडीदार होता आणि त्याच रुग्णालयात डॉक्टर होता. पुढे तेथील कायदा बदलला आणि २०१० पासून, घरगुती हिंसा कामाच्या ठिकाणी पोहोचण्याचा धोका दिसत असेल तर खबरदारी घेणे मालकावर बंधनकारक झाले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार घरगुती हिंसेचे कामावरील परिणाम मान्य करतो, तर सोबतची २०६ क्रमांकाची शिफारस रजा, कामाच्या वेळेत लवचीकता आणि बडतर्फीपासून तात्पुरते संरक्षण सुचवते. न्यूझीलंडमध्ये २०१९ पासून अशा कर्मचाऱ्यांना वर्षाला दहा दिवसांपर्यंत भरपगारी रजेचा हक्क आहे.

पण कायद्याची वाट न पाहता करण्यासारखे बरेच आहे. चार्ट भिंतीवरून काढावा, वॉर्डात येणारे फोन दुसऱ्याने घ्यावेत, रात्री वाहनापर्यंत सोबत द्यावी. वॉर्ड बदलायचा तर त्यांच्या इच्छेने, आणि ती पदावनती ठरू नये. उपचार दुसऱ्या रुग्णालयात व्हावेत. ते शक्य नसल्यास नोंदी पाहण्याची मुभा मोजक्यांनाच असावी आणि कोणी पाहिल्या हेही तपासावे. त्रास देणारी व्यक्ती त्याच रुग्णालयात नोकरीला असेल, तर चौकशी त्या विभागाबाहेरच्यांकडे सोपवावी आणि तोवर दोघांच्या ड्यूट्या एकत्र लावू नयेत.

आपल्या सहकारी ‘तसे काही नाही’ म्हणाल्या, तर वाद घालू नये. मदतवाहिनीचा क्रमांक वॉर्डातील सर्वांनाच द्यावा, म्हणजे तो खास त्यांच्यासाठी दिला आहे असे दिसणार नाही. आणि काही आठवड्यांनी, पुन्हा एकांतात, तोच प्रश्न विचारावा.