एआय आलं, आता संगीत सोडू का?

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वारंवार येतो. कधी गाणं शिकणाऱ्या मुलीचे आईवडील विचारतात, कधी घरातल्या एका खोलीत रेकॉर्डिंगचा सेटअप लावून बसलेली पोरं. त्यातलीच एक केस सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नागपूरच्या महाल भागात राहणारा २३ वर्षांचा मुलगा. कीबोर्ड वाजवतो, अरेंजिंग, म्हणजे गाण्यांची वाद्यरचना करतो. आई घेऊन आली होती. "मॅडम, रात्ररात्र जागून राहिला हा. धड जेवत नाही, बोलत नाही. याला लाइन बदलायला सांगा ना तुम्ही." मुलगा मान खाली घालून ऐकत होता.

आई बाहेर जाऊन बसल्यावर त्याने मोबाइल काढला आणि मला दोन जिंगल ऐकवल्या. पहिली त्याने एका कोचिंग क्लाससाठी केलेली, अडीच हजार रुपयांत. दुसरी त्याच क्लासची, यंदाची. मालकाच्या भाच्याने चार ओळी टाइप करून सुनो या गाणी बनवणाऱ्या एआय ॲपवर बसल्या बसल्या बनवलेली. चाल गोड, कोरस भरदार. फक्त 'चांगला'तला च हिंदी वळणाचा.

"सगळे म्हणतात, उच्चार बघ, त्यात जीव नाही. पण पुढच्या व्हर्जनमध्ये उच्चारही सुधरून जाईल ना मॅडम? मग?"

त्याचं बरोबर होतं, आणि तसं मी त्याला सांगितलं. मशीनला भावना नसतात, तू काळजी करू नको, हा दिलासा घरचे प्रेमापोटी देतात, पण तो द्यायला नको असं माझं स्पष्ट मत आहे. मशीनच्या चुकांवर टांगलेली आशा ॲपच्या पुढच्या अपडेटला कोसळते. शिवाय या मुलाची कमाई खरोखर गेली होती, त्याचं दुःख खरं होतं. ते खोडून काढलं की मुलं बोलायचीच थांबतात.

करिअरचं बोलणं मी मुद्दाम पुढे ढकललं. झोप मोडलेल्या माणसाने आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हेही थेट विचारलं. नव्हते. कुणाला येत असतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आमचं पहिलं ठरलं ते एवढंच: रात्री अकरानंतर एआयच्या बातम्या आणि व्हिडिओ बंद.

झोप थोडी रुळल्यावर त्याने साठवलेल्या बातम्या आम्ही सोबत वाचल्या. सिसाक ही संगीतकार-लेखकांच्या हक्कसंस्थांची जागतिक संघटना. २०२८ पर्यंत संगीत निर्मात्यांचं २४ टक्के उत्पन्न धोक्यात येईल, असं तिच्या डिसेंबर २०२४ च्या अभ्यासात होतं. आकडा मोठाच आहे. पण रात्री दोन वाजता त्याच्या डोक्यात तो शंभर टक्के झाला होता. डीझर या स्ट्रीमिंग कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की तिच्याकडे रोज येणाऱ्या नव्या गाण्यांपैकी १८ टक्के पूर्ण एआयची आहेत. नोव्हेंबरपर्यंत हे प्रमाण ३४ टक्क्यांवर गेलं. ही बातमी त्याला पाठ होती. मात्र डीझरवर ऐकल्या जाणाऱ्या संगीतात तेव्हा अशा गाण्यांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता, आणि त्यातलंही बरंचसं ऐकणं बनावट, म्हणजे माणसांऐवजी प्रोग्रामने केलेलं होतं, हे त्याच बातमीत खाली होतं. तिथपर्यंत तो पोचलाच नव्हता. घाबरलेलं मन मथळ्यावरच थांबतं.

मग मी त्याला गृहपाठ दिला. वर्षभरात पैसे मिळालेलं प्रत्येक काम लिहायचं, आणि त्यापुढे बोलावणाऱ्याने तुलाच का बोलावलं, हे लिहायचं. जिंगल, गॅदरिंगच्या डान्सचे मिक्स, कराओके ट्रॅक: यांच्यापुढे "स्वस्तात, लवकर" आलं. हे काम जाणार, काही गेलंच आहे. ऑर्केस्ट्रा, लग्नातलं संगीत, दोन मुलांची हार्मोनियमची शिकवणी आणि बायकांचं एक भजनी मंडळ, यांच्यापुढची जागा त्याने कोरीच आणली.

"मंडळातल्या काकू तुलाच का बोलावतात?"

बराच विचार करून म्हणाला, "त्यांचा स्वर मध्येच उतरतो. काळी चारच्या पट्टीत सुरू करतात, तिसऱ्या कडव्यापर्यंत खाली येतात. मी हळूच पट्टी बदलून घेतो. त्यांना कळतही नाही." मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे कळत असेल. म्हणूनच बोलावत असतील."

यावर मी काही बोलले नाही. त्याने वही ओढून कोऱ्या जागा भरायला घेतल्या.

यातून एकदम सगळं सुरळीत झालं, असं नाही. भजनाच्या बिदागीत घर चालत नाही. जिंगल तो आता स्वतःच एआयवर करून देतो, कमी पैशांत, आणि मराठी आवाज खरा हवा असेल तर वेगळा दर सांगतो. एका गिऱ्हाईकाने लग्नासाठी अरिजीत सिंगच्या आवाजात गाणं मागितलं, ते त्याने नाकारलं. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या गायकाच्या आवाजाच्या अशा नकलेला अंतरिम मनाई केल्याचं आम्ही बोललो होतो. स्वतःच्या चार चाली आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे नोंदवायचं त्याने मनावर घेतलं आहे. शिकवणीला आणखी मुलं मिळाली आहेत.

आईचं अजून समाधान नाही. तिला महिन्याच्या महिन्याला पगार दिसायला हवा, आणि ती मागणी मला गैर वाटत नाही. पुढच्या भेटीला वडीलही येणार आहेत. घरात दरमहा किती द्यायचे आणि किती काळाने पुन्हा बसून हिशेब पाहायचा, हे तिघांनी मिळून ठरवायचं आहे.