बाळंतपणानंतर लघवी सारखी गळत असेल तर महिना भरायची वाट बघू नका

ताई, तुमचं सगळं लिहिणं दोनदा वाचलं. धाकटी बहीण, वय २०, जत तालुक्यात वस्तीवर दिलेली. दोन दिवस कळा देत होती. अखेर गाडी करून दवाखान्यात नेलं, तोवर बाळ पोटातच गेलं होतं. आता साडेतीन आठवडे होत आले. पहिले चार-पाच दिवस ठीक गेले, मग लघवी गळायला लागली ती थांबेचना. सासूबाईंचं म्हणणं, अंगात वारं शिरलंय, महिनाभर शेक-शेगडी झाली की बसेल. तुम्ही विचारलंय, थांबावं का?

थांबू नका. याच आठवड्यात तिला मिरजेच्या नाहीतर सांगलीच्या सिव्हिलला न्या.

मी ३१ वर्षं परिचारिका होते. आधी पाटणकडच्या डोंगरात उपकेंद्रावर, मग मोठ्या रुग्णालयाच्या बाळंतिणींच्या वॉर्डात. मी डॉक्टर नाही, आणि तपासल्याशिवाय डॉक्टरही छातीठोक सांगणार नाहीत. पण 'चार-पाच दिवस ठीक गेले, मग गळायला लागली' हे वाचलं आणि मला पुढचं दिसायला लागलं. बाळाचं डोकं कमरेच्या हाडात अडकलं की डोकं आणि पुढचं हाड यांच्यामध्ये लघवीची पिशवी चेपली जाते. मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो ना, तसंच. पाय सोडला की मुंग्या येतात आणि रक्त परत फिरतं. इथे ते डोकं तासन्‌तास हललंच नाही. रक्त न मिळालेला तेवढा भाग मरतो आणि काही दिवसांनी गळून पडतो. तिथे भोक राहतं आणि लघवी सरळ योनीमार्गातून वाहायला लागते. म्हणून सुरुवातीचे दिवस कुणाच्या लक्षात काही येत नाही.

डॉक्टर याला फिस्टुला म्हणतात. आपल्याकडे फिस्टुला म्हटलं की लोकांना भगंदर आठवतो, आणि बाई मूळव्याध-भगंदराच्या पाट्या लावलेल्या दवाखान्यांत फिरत राहते. असे वर्षभर पैसे घालवून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तुम्हाला स्त्रीरोग विभागात जायचंय. लागलं तर ते लघवीच्या सर्जनला बोलावतील.

निघण्याआधी बहिणीला एकटीला बसवून विचारा. खोकताना, शिंकताना, वजन उचलतानाच गळते की झोपेतही अंथरूण भिजतं? नुसतं खोकल्यावर गळत असेल तर प्रकरण वेगळं, बहुतेकींना व्यायामाने फरक पडतो. दुसरं, लघवीला बसल्यावर धार येते का, की ओटीपोट फुगलेलं, दुखरं आहे आणि थेंब थेंब येतंय? अवघड बाळंतपणानंतर कधी पिशवी तुडुंब भरते आणि वरून नुसती सांडत राहते. तेही तातडीचंच, त्याच दिवशी नळी लागते. तिसरं विचारायला जड जाईल, पण विचारा: वारा किंवा शौच पुढच्या वाटेने येतं का? मागच्या बाजूलाही भोक असू शकतं आणि बायका ते मरेपर्यंत सांगत नाहीत. चालताना एका पायाचा चवडा उचलत नसेल तर तेही सांगा, त्याच दाबाने शीर दुखावते.

घाई का करायची तेही सांगते. भोक ताजं आणि लहान असेल तर लघवीच्या पिशवीत चार-सहा आठवडे सलग नळी ठेवून काही जणींचं आपोआप भरून येतं, ऑपरेशन लागतच नाही. ही संधी सुरुवातीच्या आठवड्यांतलीच, आणि तुमच्याकडे त्यातले थोडेच दिवस उरलेत. नळीने भरलं नाही तर साधारण तीन महिने कातडी निवू देतात, मग शिवतात. पहिल्या ऑपरेशनला यश सगळ्यात जास्त. पुढच्या प्रत्येक वेळी व्रण घट्ट होत जातो आणि काम अवघड होतं. म्हणून 'ही ऑपरेशनं तुमच्याकडे नेहमी होतात का' हे बिनधास्त विचारा. तो तुमचा हक्क आहे.

तिथे काय करतात ते माहीत असलं की पोरगी घाबरणार नाही. नळीतून पिशवीत निळं पाणी सोडतात आणि योनीमार्गात कापसाचे तीन बोळे एकावर एक ठेवतात. थोडं चालायला लावतात आणि मग बोळे एकेक काढून बघतात. मधला निळा झाला तर भोक पिशवीला. वरचा ओला, पण निळा नाही, तर मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळीला इजा. नुसता खालचा निळा, तर लघवीच्या वाटेतूनच गळतंय. दुखत नाही, लाज मात्र वाटते. तिच्याजवळ थांबा.

पाटणकडची एक बाई मला विसरता येत नाही. गळायला लागून तिला चार वर्षं झाली होती. घरात वेगळी वाकळ, वेगळं ताट. नवऱ्याने दुसरी केली होती. पहाटेच्या एसटीने कऱ्हाडपर्यंत उभी आली. गाडी निम्मी रिकामी होती, पण सीट ओली होईल, कुणी बोलेल म्हणून बसली नाही. पिशवीत जुन्या लुगड्याच्या फाडलेल्या घड्या, वाळलेल्या एकीकडे, ओल्या एकीकडे. आदल्या दुपारपासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी नळी काढली. ती रात्रभर दर तासाला उठून चादरीवर हात फिरवून बघत होती. पहाटे मला हाताला धरून कॉटपाशी नेलं आणि माझाच हात चादरीवर ठेवला. कोरडी होती.

तर पहिली गोष्ट, बहिणीला पाणी भरपूर प्यायला सांगा. गळतं म्हणून पाणी तोडलं की लघवी कडक होते, जास्त जळते, पिशवीत खडे धरतात. शेगडी आणि धुरी आजच बंद करा, भिजून सोललेल्या कातडीला ती भाजून काढते. साध्या पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, व्हॅसलिनचा थर लावायचा, दर दोन-तीन तासांनी घडी बदलायची. आणखी एक. बाळ नव्हतं तरी तिला दूध आलं असेल. त्याबद्दल घरात कुणी तिच्याशी बोललंय का? तुम्ही बोला.

पैशाचं म्हणाल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, जो २०११ पासून आहे, सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंतच्या त्रासाला औषध, तपासण्या, जेवण आणि गाडी मोफत आहे. बहीण अजून त्या ४२ दिवसांत आहे. आशाताईंना सांगून १०२ ची गाडी मागवा. पुढे ऑपरेशन ठरलं तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडे जाऊन महात्मा फुले योजनेत ते बसवून घ्या. रेशनकार्ड, आधार, बाळंतपणाचं कार्ड आणि त्या दवाखान्याचे सगळे कागद सोबत ठेवा. कागद देत नसतील तर लेखी मागा.

'तिचंच नशीब' असं सासरी म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मला याचा राग येतो. दोन दिवस कळा देणारी बाई अडलेली असते आणि ते ओळखण्यासाठीच पार्टोग्राफ नावाचा तक्ता भरायचा असतो. माझ्याच नोकरीत एका ठिकाणी रात्रभर तो कोराच राहिला. सकाळी सगळ्यांनी मिळून भरला. त्या बाईचं बाळही गेलं. मी तेव्हा नवी होते, गप्प बसले, आणि ते मला आजही टोचतं. महाराष्ट्रात २०१८-२० च्या नोंदीत लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. आकडा चांगला आहे. पण जी जगली आणि रात्रंदिवस भिजत राहिली, ती या आकड्यात कुठेच नाही. तिच्यासाठी जगात २३ मे हा दिवस २०१३ पासून पाळतात. आपल्या तालुक्यांत त्या दिवशी मी कधी एक फलक लागलेला पाहिला नाही.

हे वाचणाऱ्या इतर बायकांनाही सांगते, भोक फक्त अडलेल्या बाळंतपणानेच पडतं असं नाही. गर्भपिशवी काढताना किंवा अवघड सिझरमध्ये लघवीच्या पिशवीला इजा झाली तरी हेच होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या कारण नसताना काढल्याचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. टोळ्या आपल्याच कारखान्यांवर येतात. गर्भपिशवी काढल्यावर लघवी गळायला लागली तर 'होतं असं' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

बहिणीचं भोक भरलं की साधारण तीन महिने नवऱ्यापासून लांब राहायचं, हे जावईबापूंना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. पुढचं मूल झालं तर मोठ्या रुग्णालयात, ठरवून सिझर.

जतहून निघताना गाडीच्या सीटवर प्लास्टिक अंथरा, त्यावर जाड गोधडीची घडी, आणि तिला खिडकीपाशी बसवा. पाण्याची बाटली तिच्याच हातात द्या. तपासणी झाली की डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा, मी वाट बघते.