अमेंडमेंट हातात येईपर्यंत वाढीव मालाची गाडी भरू नका

नऱ्हेला छोटं एसएमटी युनिट (सर्किट बोर्डवर पार्ट बसवायचं), तीनच कस्टमर, शेड्यूल फोनवर बदलतं, माल वेळेत पाठवूनही डिलिव्हरी रेटिंग खाली आलं, आता कुठलं सॉफ्टवेअर घेऊ असं विचारलंय तुम्ही. पाच वर्षांपूर्वी भोसरीत माझं अगदी हेच चाललं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी ऑर्डर कशाला म्हणायचं ते ठरवा.

एका मोठ्या कंपनीसाठी, नाव घेत नाही, आम्ही कंट्रोलर बोर्ड करायचो. पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) १००० चा, त्यातले ७०० गेलेले, शिल्लक ३००. २१ तारखेला रात्री त्यांच्या परचेसमधून व्हॉट्सॲप आला, २८ पर्यंत ५०० द्या, लाईन थांबेल, अमेंडमेंट (पीओमधला लेखी बदल) उद्या टाकतो. मी हो म्हटलं. गुरुवारची सुट्टी रद्द केली, कमी पडणारे मायक्रोकंट्रोलर ट्रेडरकडून चढ्या भावाने उचलले, पोरं दोन रात्री टेस्टिंगला बसली, आणि २७ ला ५०० बोर्ड ट्रेमध्ये भरून टेम्पो चाकणला निघाला. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमधून सकाळी अकरा वाजता गेटवर पोचला. गेटवरच्या माणसाने पीओ नंबर टाकला तर स्क्रीनवर बॅलन्स ३००, आणि माझं बिल ५०० चं. सिस्टीम घेईना. स्टोअरवाले म्हणाले परचेसला विचारा, परचेस म्हणालं अमेंडमेंट साहेबांच्या अप्रूव्हलला आहे, आणि साहेब फोन उचलत नव्हते. निदान ३०० तरी उतरवून घ्या म्हणून किती विनवण्या केल्या, पण बिल एकच, ते तोडून घेता येत नाही म्हणे. ड्रायव्हर संध्याकाळी सहापर्यंत उन्हात उभा होता, मग माल परत आला. अमेंडमेंट अकराव्या दिवशी आली. तोपर्यंत जे ३०० खरोखर वेळेत पोचले होते तेही त्यांच्याकडे लेट धरले गेले, रेटिंग पडलं आणि पेमेंटचे दिवस जीआरएनपासून, म्हणजे माल मिळाल्याची नोंद त्यांनी केली तेव्हापासून मोजले.

त्या ऑफिसवर माझा अजून राग आहे, कारण माल मागणारे तेच आणि अडवणारेही तेच. पण ३०० चं एक आणि २०० चं एक अशी दोन बिलं केली असती तर ३०० त्याच दिवशी आत गेले असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला सांगतोय. वाढीव नग बनवा हवं तर, नातं टिकवायला ते करावं लागतंच, पण बिल मात्र पीओच्या बॅलन्सपुरतंच फाडा. व्हॉट्सॲपवरचं शेड्यूल आलं की त्याच दिवशी मेल टाका, की तुमच्या अमुक मेसेजप्रमाणे मटेरियल घेतोय, अमेंडमेंट अमुक तारखेपर्यंत हवी. उत्तर नाही आलं तरी मेल राहतो.

एक्सेलच चालेल तुम्हाला, तीन कस्टमरला ईआरपीसारखं मोठं सॉफ्टवेअर कशाला (हे माझं मत, पटलं तर घ्या). फक्त तारखांचे कॉलम वेगळे ठेवा: कस्टमरने मागितलेली, आपण कबूल केलेली, आणि माल गेटवर पोचला ती. कबूल केलेली तारीख बदलली तर जुनी पुसू नका, शेजारी नवी लिहा. आणि सगळे पार्ट हातात आल्याशिवाय तारीख देऊ नका, एक कनेक्टर कमी असला तरी बोर्ड तयार होत नाही.

गेटच्या इनवर्डचा (माल आल्याचा) तारखेसकट शिक्का डिलिव्हरी चलनाच्या आपल्या कॉपीवर घ्या, ड्रायव्हरला बजावून सांगा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम रजिस्ट्रेशन (सरकारी नोंदणी) असेल तर लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे माल स्वीकारल्याचा दिवस म्हणून माल प्रत्यक्ष दिला तो दिवसच धरतात, समोरच्याने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल तर. जीआरएन कधी केला याचा संबंध नाही. पेमेंट लेखी करारात ठरलेल्या तारखेला, पण ४५ दिवसांच्या पुढे नाही, आणि करारच नसेल तर १५ दिवस. पुढे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय आयकराचा तसा नियम (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) आल्यापासून सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचं पेमेंट मुदतीबाहेर गेलं तर कस्टमरला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा मिळतो, त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचं अकाउंट्स स्वतःहून फोन करतं. मी सीए नाही, तुमच्या सीएला एकदा विचारा.

जाता जाता, घाईच्या ऑर्डरसाठी फोडलेल्या आयसीच्या पाकिटावर वेळ लिहा. एमएसएल ३ वाल्याला (एमएसएल म्हणजे आयसी ओलाव्याला किती नाजूक त्याची श्रेणी) बाहेर १६८ तासच मिळतात, नंतर बेक करून ओलावा काढावा लागतो. आमच्या त्या ५०० च्या गडबडीत उरलेलं एक पाकीट तसंच उघडं राहिलं, आणि पुढच्या लॉटला रिफ्लोमध्ये (सोल्डर वितळवायच्या भट्टीत) काही आयसी फुगले.

तुमचाही माल असाच गेटवरून परत आलेला असेल तर आधी पीओचा बॅलन्स बघा, तेवढ्याचं वेगळं बिल करून उद्याच पाठवा. ते आत गेलं की मग बाकीच्याचं भांडत बसा.