जनरल रजिस्टरमधला एक रकाना

प्रश्न : नमस्कार बाई. माझी मुलगी ठाण्यात मुलींच्या एका अनुदानित मराठी शाळेत सहावीत आहे. मीही त्याच शाळेची. माझ्या वेळी आठवीच्या चार तुकड्या होत्या, आता दोन उरल्यात. शाळेची पुढची दिशा ठरवण्यासाठी संस्थेने पुढच्या महिन्यात पालकसभा बोलावली आहे. त्याआधी एक कागद भरून द्यायचाय. सेमी-इंग्रजी, पूर्ण इंग्रजी माध्यम, सीबीएसई, की मुलांनाही प्रवेश, यातल्या एकावर खूण करायची. मी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारिणीत असल्यामुळे सगळ्या मलाच विचारतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडलेत आणि बऱ्याच आया तर काही बोलतच नाहीत. आमचे हे म्हणतात, संस्थेचं ठरलेलंच असणार, तू कशाला जीव आटवतेस? मी खूण कशावर करू?
एक आई, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : ताई, इतक्यात कशावरच खूण करू नका. कागद तसाच राहू द्या आणि आधी मुख्याध्यापिकांना भेटा. आठवीच्या दोन तुकड्या कमी कशाने झाल्या, हे शाळेला नक्की माहीत आहे का, एवढंच विचारा.

हे मी का सांगते? ठाण्यातच मुलींच्या एका शाळेत मी मुख्याध्यापिका होते. आमच्याकडेही दर जूनला सातवी पास झालेल्या मुली दाखला काढून जायच्या. सगळ्या इंग्रजी माध्यमाकडे जातात, असं आम्ही धरूनच चाललो होतो. शिक्षक खोलीत तेच, संस्थेच्या बैठकीत तेच. इंग्रजी शाळा काढायची तयारीही सुरू झाली होती. एका दुपारी मी जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलीची नोंदवही, काढून बसले. लाल कापडी बांधणीचं, दोन हातांनी उचलावं लागे असं. त्यात शेवटी ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं ‘पालकांची इच्छा’. खाली पानभर नुसत्या वरीलप्रमाणेच्या खुणा. पान उलटलं तर पुन्हा ‘पालकांची इच्छा’ आणि पुन्हा त्याच खुणा. सगळं एका हातचं, निळ्या शाईतलं. ही इच्छा होती तरी काय, हे आम्ही एकाही पालकाला विचारलेलं नव्हतं. त्या पानाखाली माझीही सही होती. ते मला आजही लागतं.

मग सभा घेतली, बुधवारी सकाळी अकराला. त्या वेळेला येऊ शकतात त्याच आया आल्या, म्हणजे नेहमीच्याच. म्हणून मी आणि दोन शिक्षिका एका रविवारी संध्याकाळी लोकमान्य नगरात गेलो आणि एका गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत सतरंजीवर बसलो. पुढच्या रविवारी कळव्याला. घोडबंदर रोडला चार घरी पोळ्या करणाऱ्या एक बाई बराच वेळ गप्प होत्या. निघताना दारात थांबून म्हणाल्या, “बाई, ते इंग्लिशचं राहू द्या. सातवीपर्यंत पोरगी सकाळच्या शाळेत होती, जेवायला घरी असायची. आठवीला दुपारची शाळा. सुटणार सव्वासहाला, बस मिळून घरी यायला साडेसात. थंडीत तेव्हा मिट्ट अंधार. तिच्या वडिलांनी दाखला काढायला लावला.” मुलगी गेली कुठल्या शाळेत, मी विचारलं. घराजवळच्या. तीही मराठीच होती.

त्यानंतर इतरही बोलत्या झाल्या. कुणाचं कारण अंधाराचं, कुणाचं बसमधल्या गर्दीचं, आणि काहींचं खरोखरच इंग्रजीचं. तेही होतंच, नाही असं नाही. पण अंधाराचा इलाज आमच्या हातात होता. सकाळचं अधिवेशन लवकर भरवलं, दोन्ही अधिवेशनांतली रिकामी वेळ कमी केली आणि दुपारची शाळा साडेपाचला सोडली. यात सकाळच्या छोट्या मुलींना आणखी लवकर उठावं लागलं आणि बदलापूरहून येणाऱ्या आमच्या एका शिक्षिकेला पहाटेची लोकल धरावी लागली. ही ओढाताण मी शेवटपर्यंत पूर्ण मिटवू शकले नाही. पण पुढच्या जूनमध्ये आठवीचे दाखले कमी निघाले.

आता तुमच्या कागदाकडे वळू. त्यातले चार पर्याय एका रांगेत छापलेत, जणू चारही सारख्याच वजनाचे आहेत. तसं नाही. सेमी-इंग्रजी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. ते शाळेचं अनुदान शाबूत ठेवून करता येतं. पण ते असलेल्या शिक्षकांतूनच चालवावं लागतं. म्हणून सभेत एकच विचारा : आठवीचं बीजगणित इंग्रजीतून कोण शिकवणार, आणि त्यांची तयारी कोण करून घेणार? इंग्रजी माध्यमाची किंवा सीबीएसईची नवी शाळा काढायची, तर ती २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याखाली निघते. म्हणजे सगळा खर्च फीमधून. आज तुमच्या लेकीच्या शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत आहेत, पोषण आहार आहे. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा देता येते. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मुलगी सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत हवी. विनाअनुदानित शाळेतल्या मुलीला ती परीक्षाच देता येत नाही. खूण करायच्या आधी हे सगळं प्रत्येक आईला कळायला हवं, आणि ते कागदावर नसेल तर तुम्ही सांगायला हवं.

मुलांना प्रवेश देण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पट भरायचा म्हणून ते करू नये. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याची सरकारी मंजुरी, पटावर होते. पट घसरला की तुकडी जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतात. संस्थेची ही चिंता खरी आहे आणि तुम्ही ती समजून घ्या. पण केवळ मुलींची शाळा आहे म्हणून ज्यांना घरातून आठवी-नववीला पाठवतात, अशा मुली मी वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. त्यांच्या आया ग्रुपवर लिहिणार नाहीत. तुमच्या शाळेत अशा किती जणी आहेत, ते एकेकीशी बोलूनच कळेल. आणि कळेपर्यंत हा पर्याय बाजूला ठेवा, असं सभेत ठामपणे म्हणा.

तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांमध्ये ही समिती फक्त सल्ला देऊ शकते. शेवटचा निर्णय संस्थेचाच. पण सल्ला इतिवृत्तात लिहिला गेला, त्याखाली सह्या झाल्या, तर तो सहज बाजूला सारणं अवघड जातं. तोंडी बोललेलं चहाबरोबर संपतं. तेव्हा सभेला वही घेऊन जा आणि निघण्याआधी इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा.

सभेची वेळ संध्याकाळी साडेसातनंतरची किंवा रविवारची मागून घ्या. धाकट्या मुलांना बरोबर आणू द्या, त्यांच्यासाठी बाजूच्या वर्गात सतरंजी आणि चित्रं रंगवायचे कागद ठेवा. चार ओळींचा कागदही बदलून मागा. त्यावर पर्याय नकोत, दोन प्रश्न पुरेत : ‘मुलीला ही शाळा सोडायला लावाल, असं काय होऊ शकतं?’ आणि ‘तिने दहावीनंतर काय करावं असं तुम्हाला वाटतं?’ ज्यांना लिहिणं जड जातं, त्यांचं एखाद्या माजी विद्यार्थिनीने ऐकून लिहून घ्यावं. तुम्ही स्वतः माजी विद्यार्थिनी आहात, तुमच्या वर्गातल्या चौघी-पाचजणी सहज येतील. आठवी-नववीच्या मुलींनाही हेच विचारा, पण आया समोर नसताना. वडिलांना वगळू नका. आमच्याकडे दाखला काढायचा निर्णय बहुतेक वेळा वडिलांचा असायचा आणि सभेला ते नसायचे.

उत्तरं आली की त्यांचं काय झालं, हे पंधरा दिवसांत फलकावर लागलं पाहिजे. काय मान्य केलं, काय जमणार नाही आणि का. ‘जमणार नाही’ वाचूनसुद्धा पालक पुढच्या वेळी येतात. काहीच कळलं नाही तर येत नाहीत, हे मी अनुभवलं आहे.

आणि एक काम सभेची वाट न पाहता करता येईल. यापुढे दाखला देताना मुख्याध्यापिकांनी किंवा वर्गशिक्षिकेने पालकांशी दहा मिनिटं बसून बोलावं आणि रजिस्टरमध्ये खरं कारण दोन ओळीत लिहावं, असा ठराव कार्यकारिणीत मांडा. तुमच्या लेकीचा वर्ग पुढच्या वर्षी सातवीत जाईल. त्याच्या आत तो रकाना भरायला लागू द्या.